लोकेशन बंद केलं तरी यांना कळते कसं?

या वेळी लोकेशन आणि ॲपच्या परवानग्यांवर प्रश्न मागवले होते. आलेली पत्रं वाचून एक गोष्ट लक्षात आली, लोक भितात गुगलला आणि फेसबुकला, पण पत्रातली खरी तक्रार निघते नवऱ्याची, मॅनेजरची नाहीतर कर्जवाल्या ॲपची. म्हणून उत्तरंही तशीच दिली आहेत, कंपन्या काय बघतात ते आटोपशीर आणि माणसं काय बघतात ते जरा सविस्तर. मेनूची नावं अँड्रॉइडची आहेत, तुमच्या फोनमध्ये एखादा शब्द इकडेतिकडे होईल, नाही सापडलं तर सेटिंग्जमध्ये वर जे भिंग दिसते त्यात ‘लोकेशन’ टाइप करा, सगळं समोर येते.

प्रश्न : मी सेवानिवृत्त आहे, मनीषनगरला राहतो. फोनमधलं लोकेशन मी कायम बंद ठेवतो, चालू दिसलं की लगेच दाबतो. तरीही बर्डीवर चक्कर मारून आलो की नागपूरच्याच दुकानांच्या जाहिराती येऊन राहिल्या, कधी चष्म्याच्या, कधी साड्यांच्या. मग बंद करून फायदा काय?

उत्तर : काका, फायदा आहे, पण तुम्ही समजता तेवढा नाही. जीपीएसमध्ये उपग्रहाकडून फोनला फक्त सिग्नल येतो, फोन वर काहीच पाठवत नाही, आपण कुठे आहोत याचा हिशोब फोन स्वतःच करतो आणि मग तो आकडा ॲपच्या हातात द्यायचा की नाही हे तुमच्या त्या बटणावर ठरते. बटण बंद केलं की ॲपला आकडा मिळत नाही, पण इंटरनेट तर चालूच आहे ना, आणि इंटरनेट चालू म्हणजे आयपी ॲड्रेस, म्हणजे तुमच्या इंटरनेट कनेक्शनचा नंबर, जाणारच आणि त्यावरून माणूस साधारण कोणत्या शहरात आहे हे कळते. त्यात तुम्ही गुगलमध्ये ‘चष्म्याचं दुकान सीताबर्डी’ असं कधीतरी टाकलं असेल, मॅप्समध्ये ‘होम’ म्हणून मनीषनगरचा पत्ता भरून ठेवला असेल, तर तुम्ही नागपूरचे आहात हे तुम्हीच सांगून ठेवलेलं आहे. आणि सिमकार्डवाल्या कंपनीचं तर विचारूच नका, फोन कोणत्या टॉवरला लागला आहे हे तिला माहीत असल्याशिवाय तुमचा कॉल लागणारच नाही, त्यावर कोणत्याच सेटिंगचा इलाज नाही.

आता खरी जागा कुठे आहे ते बघा. गुगलच्या अकाऊंटमध्ये दोन वेगवेगळे रकाने आहेत, एक ‘टाइमलाइन’, ज्याला आधी लोकेशन हिस्ट्री म्हणायचे, आणि दुसरा ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’. लोक पहिला बंद करून निवांत होतात आणि दुसरा चालूच राहतो, आणि त्या दुसऱ्यात तुम्ही काय शोधलं त्यासोबत कोणत्या भागातून शोधलं हेही जमा होत असते. ही काही माझी शंका नाही, याच गोष्टीवरून अमेरिकेत ४० राज्यांनी गुगलला धरलं होतं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये गुगलने ३९ कोटी १५ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. तर सेटिंग्जमध्ये गुगल, मॅनेज युवर अकाऊंट, मग डेटा अँड प्रायव्हसी, तिथे दोन्ही रकाने उघडा. सगळं बंद करायचं नसेल तर ‘ऑटो डिलीट’ला तीन महिने लावून द्या, जुना माल आपोआप साफ होत राहते. टाइमलाइनचं म्हणाल तर डिसेंबर २०२३ मध्ये गुगलने जाहीर केलं की ती यापुढे गुगलच्या सर्व्हरऐवजी तुमच्या फोनमध्येच राहणार, तेव्हापासून तिची भीती बरीच कमी झाली आहे.

आणि एक विनंती, मुख्य बटण असं कायम बंद ठेवू नका. एक नळ गळतो म्हणून टाकीचाच कॉक बंद करून बसायचं असं आहे ते. उद्या फोन मेट्रोत राहिला तर हरवलेला फोन शोधायच्या गुगलच्या ‘फाइंड हब’ ॲपवर तो नकाशात दिसायला लोकेशन चालू लागते. त्यापेक्षा सेटिंग्ज, लोकेशन, ॲप लोकेशन परमिशन्स असं जा, तिथे मुख्य तीन गठ्ठे दिसतील, कायम परवानगी असलेले, वापरताना परवानगी असलेले आणि अजिबात नसलेले. पहिल्या गठ्ठ्यात जेवढे कमी तेवढं चांगलं. कॅल्क्युलेटर, टॉर्च, पत्त्यांचा गेम, हे सगळे सरळ तिसऱ्यात. हवामानाच्या ॲपला परवानगी द्या पण ‘युज प्रिसाइज लोकेशन’ बंद करा, अँड्रॉइड १२ पासून ही सोय आहे, मग त्याला तुमचं घर कळत नाही, साधारण तीन चौरस किलोमीटरचा पट्टा कळतो, आणि मे महिन्यात मनीषनगरात पारा ४५ वर गेला हे सांगायला तेवढा पट्टा भरपूर झाला.

प्रश्न : दादा, नाव छापू नका. मी नंदनवनला राहते. मी कुठे जाते ते यांना नेहमीच माहीत असते. परवा बहिणीसोबत धरमपेठेत गेली होती, घरी सांगितलं नव्हतं, तर दहा मिनिटांत यांचा फोन, ‘धरमपेठेत काय करून राहिली?’ म्हणून. मी व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवत नाही. फोनमध्ये काही टाकून ठेवलं असेल का?

उत्तर : ताई, असू शकते, पण माझा पहिला संशय त्याहून साध्या गोष्टीवर आहे. तुमच्या फोनमध्ये जीमेल कोणाचं आहे? बहुतेक घरी असं होते की फोन घेतला, दुकानातल्या पोराने विचारलं जीमेल आहे का, नवीन काढायचा त्यालाही कंटाळा आणि आपल्यालाही, मग मिस्टरांचंच जीमेल टाकून फोन चालू करून दिला. तसं असेल तर वेगळं काही टाकायची गरजच नाही, त्यांच्या फोनवर फाइंड हब उघडलं की तुमचा हँडसेट नकाशावर दिसते, कारण गुगलच्या लेखी तो त्यांचाच फोन आहे. फक्त जागाच नाही, तुम्ही कोणतं ॲप टाकलं, कोणाचा नंबर सेव्ह केला, फोटोंचा बॅकअप चालू असेल तर फोटोसुद्धा तिकडे. उलटंही होते, जीमेल तुमचंच असते पण ते त्यांच्या जुन्या फोनमध्ये किंवा घरच्या कॉम्प्युटरवर उघडं राहिलेलं असते.

बघायचं कसं, तर प्ले स्टोअर उघडून वर कोपऱ्यातल्या गोल फोटोवर टच करा, कोणाचं नाव आणि ईमेल येते ते वाचा. तुमचंच असेल तर गुगल अकाऊंटमध्ये सिक्युरिटी, त्यात खाली ‘युवर डिव्हाइसेस’, तिथे हे अकाऊंट जिथे जिथे उघडं आहे त्या सगळ्या फोनची आणि कॉम्प्युटरची नावं मॉडेलसकट दिसतात. मग गुगल मॅप्स उघडा, तसाच गोल फोटो, त्यात ‘लोकेशन शेअरिंग’, तुमची जागा कोणाला चालली आहे त्याचं नाव तिथे स्पष्ट असते, आणि बंद करेपर्यंत चालू राहील असंही तिथे ठेवता येते, म्हणजे कोणी एकदा तुमचा फोन हातात घेऊन चालू केलं की वर्षभर चालते. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ बघा, तिथे अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर तुमचे मेसेज कोणीतरी वाचून राहिलं आहे.

एवढं करूनही काही नाही सापडलं तर मग चोरून टाकलेल्या ॲपचा विचार करायचा. असे ॲप नाव बदलून बसतात, ‘सिस्टम सर्व्हिस’ वगैरे, म्हणून नावावर जाऊ नका, परवानगीवर जा. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ उघडून डाउनलोड केलेल्या ॲपमध्ये काय चालू आहे ते बघा, मग सर्चमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ टाका, म्हणजे फोनवर जास्तीचा ताबा दिलेले ॲप दिसतील, आणि प्ले स्टोअरमध्ये धोक्याचे ॲप पकडणारं प्ले प्रोटेक्ट चालू आहे की कोणी बंद करून ठेवलं आहे ते बघा. ते बंद सापडलं तर समजायचं की कोणीतरी मुद्दाम केलं आहे, ते आपोआप बंद होत नाही.

पण यातलं काहीही बदलायच्या आधी जरा थांबा. पासवर्ड बदलला, दुसऱ्या फोनमधून अकाऊंट काढलं, की गुगल सूचना पाठवते आणि तुमचं जीमेल त्यांच्याही फोनमध्ये असेल तर ती त्यांनाही दिसते, आणि एरवी दिसणारी जागा अचानक गायब झाली तर ते कोणालाही कळेलच. घरात बोलून मोकळं होता येत असेल तर बोला आणि स्वतःचं जीमेल काढा, कॉन्टॅक्ट नव्या अकाऊंटला घ्यायला पाच मिनिटं लागतात. बोलायचीच भीती वाटत असेल, मारहाण होईल असं वाटत असेल तर आधी फोनला हात लावू नका, बहिणीच्या फोनवरून १८१ ला बोला, ही महिलांची हेल्पलाइन आहे, आणि प्रसंग अंगावर आला तर ११२. सेटिंग नंतर केली तरी चालते.

प्रश्न : मी एका कंपनीत सेल्सला आहे, बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर असा एरिया. फोन माझा, रिचार्ज माझा, पण हजेरीचं ॲप कंपनीचं आणि त्याला लोकेशन ‘अलाउ ऑल द टाइम’च पाहिजे. रविवारी अंबाझरीला पोरांना घेऊन गेलो तरी सोमवारी मॅनेजर हसत हसत विचारते, काय मग, तलावावर गर्दी होती का. हे कायद्यात बसते का? एक मित्र म्हणते फेक जीपीएस टाक.

उत्तर : भाऊ, फेक जीपीएस टाकू नका हे आधी. डेव्हलपर ऑप्शनमधून खोटी जागा दाखवता येते हे खरं, पण जागा खोटी आहे हे ॲपला ओळखता येते, हजेरीचे बरेच ॲप तेवढ्यासाठी तपासतातच, आणि मग तुमची रविवारची रास्त तक्रार बाजूला राहते आणि चोर तुम्ही ठरता.

कायद्याचं सांगतो पण फार आशा लावू नका. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. त्यानंतर ८ जुलै २०२४ ला न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी आणखी एक निकाल दिला, एका आरोपीला जामीन देताना गुगल मॅपची पिन तपास अधिकाऱ्याला दिसती ठेव अशी अट घातली होती, ती त्यांनी काढून टाकली, जामिनावर सुटलेल्या माणसाच्या हालचालीवर पोलिसांनी सतत डोळा ठेवावा अशी अट घालता येणार नाही म्हणून. आता आरोपीला जे संरक्षण आहे ते सेल्समनला नाही का, असं तुमच्यासारखंच माझ्याही मनात आलं, पण तो निकाल जामिनाच्या अटीबद्दल आहे, खासगी कंपनीच्या मॅनेजरला तो थेट लागत नाही. २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा आहे, त्यात तर नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवायही माहिती वापरायची मुभा ठेवलेली आहे. पण ‘नोकरीच्या कारणासाठी’ असं लिहिलेलं आहे ना, पोरांना घेऊन अंबाझरीला जाणं हे कोणत्या नोकरीचं कारण आहे ते मॅनेजरने सांगावं. एचआरला ईमेल करा, भांडणाचा नको, साधा प्रश्न विचारा की ड्युटीचे तास सोडून लोकेशन घेतलं जाते का, ते किती दिवस ठेवता आणि कोण बघते. लेखी विचारलं की बरेचदा तलावावरचे विनोद आपोआप थांबतात.

तोवर फोनवर करायचं ते हे. परवानगी ‘व्हाइल युजिंग द ॲप’ करून बघा. लोकांना वाटते मग ॲप स्क्रीनवर उघडंच ठेवावं लागेल, तसं नाही, चेक-इन करून ॲपची नोटिफिकेशन वर दिसत असेल तर ॲप वापरात आहे असंच धरतात आणि जागा जात राहते, संध्याकाळी चेक-आऊट केलं, ॲप बंद केलं, की संपलं. काही ॲप यावर अडून बसतात आणि चालतच नाहीत. तसं झालं तर कंपनीला ‘वर्क प्रोफाइल’ टाकून मागा, त्यात ऑफिसचे ॲप वेगळ्या कप्प्यात राहतात आणि सुटीच्या दिवशी तो अख्खा कप्पा एका बटणाने पॉज होते. सगळ्यात सरळ उपाय म्हणजे कंपनीने हँडसेट द्यावा आणि तो शनिवारी संध्याकाळी ड्रॉवरमध्ये जावा, पण पेट्रोलचे पैसे काढताना जी कंपनी घासाघीस करते ती हँडसेट देईल असं वाटत नाही, तरी मागायला काय जाते.

प्रश्न : मुलाने दिलेल्या घड्याळाचं ॲप लोकेशन मागते, पावलं मोजायला लोकेशन काहून पाहिजे जी? आणि एका लोन ॲपने कॉन्टॅक्ट, फोटो, लोकेशन सगळंच मागितलं आहे. (वाचक, सक्करदरा)

उत्तर : घड्याळवालं बरेचदा निर्दोष असते. अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथवरून आजूबाजूचं घड्याळ शोधायचं तर नियमानेच लोकेशनची परवानगी लागायची, १२ पासून त्याला ‘निअरबाय डिव्हाइसेस’ अशी वेगळी परवानगी केली. फोन जुना असेल तर द्या, नवीन असेल तर नाही म्हणून बघा, पावलं मोजली जातातच, फक्त फुटाळ्याला कोणत्या रस्त्याने गेलात त्याची रेघ नकाशावर येणार नाही.

लोन ॲपचं मात्र नाही म्हणजे नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच डिजिटल कर्जाचे नियम काढून सांगितलं आहे की कर्जाच्या ॲपने फोनमधल्या फाइल, फोटो, कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग याला हात लावायचा नाही, कॅमेरा, माइक, लोकेशन हे फक्त केवायसीपुरतं, एकदा, आणि तुमच्या स्पष्ट संमतीने. म्हणजे ज्याने कॉन्टॅक्ट मागितले त्याने तिथेच नियम मोडला. यांना कॉन्टॅक्ट कशाला पाहिजे असतात ते सांगतो, हप्ता थकला की तुमच्या व्याह्यांना, ऑफिसातल्या साहेबांना फोन करून अब्रू काढायला. ॲप टाकलं असेल तर आधी परवानग्या काढा, मग ॲप काढा, पण एवढं केलं तरी त्यांनी आधी उचललेली यादी त्यांच्याकडे राहतेच. धमक्या सुरू झाल्या असतील तर स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लावा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा चलान म्हणून एपीके फाइल, म्हणजे ॲप टाकायची फाइल, येते तिलाही हेच लागू, पत्रिका ही फोटो नाहीतर पीडीएफ असते, इन्स्टॉल करावी लागते ती पत्रिका नाही.

प्रश्न : आयफोनवर ‘आस्क ॲप नॉट टू ट्रॅक’ दाबलं की लोकेशन जाणं बंद होते ना? (विद्यार्थिनी, रामदासपेठ)

उत्तर : नाही गं. एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ सोबत आलेली ती सोय जाहिरातीसाठी आहे, एका ॲपने दुसऱ्या ॲपमध्ये आणि वेबसाइटवर तुझा माग काढू नये म्हणून. लोकेशन वेगळं, ते प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये ‘लोकेशन सर्व्हिसेस’ इथे, एकेका ॲपवर टच कर आणि खाली ‘प्रिसाइज लोकेशन’ आहे ते जेवण मागवायच्या आणि कॅबच्या ॲपला चालू, बाकीच्यांना बंद. इन्स्टाला तर काहीच नको, रील बघायला जागा लागत नाही.

प्रश्न : घरातली जुनी आरामखुर्ची विकायला फोटो टाकायचे आहेत. फोटोतून पत्ता कळतो म्हणतात, खरं आहे का? (गृहिणी, महाल)

उत्तर : खरं आहे, कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर फोटोच्या आतच अक्षांश-रेखांश लिहिले जातात. फोटो उघडून वर सरकवला की नकाशा दिसतो, तिथे बघा, चक्क तुमची गल्ली निघते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती निघून जाते, पण क्वालिटी चांगली राहावी म्हणून ‘डॉक्युमेंट’ करून पाठवला की जशीच्या तशी जाते, आणि ईमेलनेही जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन टॅग’ किंवा ‘सेव्ह लोकेशन’ असं असते ते बंद करून फोटो परत काढा, किंवा आहे त्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो टाका.

प्रश्न : मुलगा रात्री गाडीने अमरावतीला जाते, जीवाला घोर लागते. त्याला लोकेशन चालू ठेव म्हटलं तर चिडते, म्हणते तू पाळत ठेवते. (आई, मानकापूर)

उत्तर : ताई, त्याचंही बरोबर आहे आणि तुमचंही. त्याला म्हणा कायमचं नको, निघताना व्हॉट्सॲपवर ‘लाइव्ह लोकेशन’ पाठव. त्यात १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे तीनच पर्याय आहेत, अमरावतीला ८ तासवालं टाकायचं, पोहोचल्यावर त्याने बंद केलं तरी चालते, विसरला तर वेळ संपली की आपोआप बंद होते. फक्त व्हॉट्सॲपला लोकेशनची परवानगी ‘ऑल द टाइम’ पाहिजे, नाहीतर स्क्रीन बंद झाली की काही फोनमध्ये ठिपका जागीच थिजतो, आणि बॅटरी सेव्हर चालू असेल तरी तसंच होते. म्हणून रात्री दीड वाजता ठिपका कोंढाळीला अडकलेला दिसला तर लगेच घाबरून नातेवाइकांना उठवू नका, ठिपक्याखाली ‘अपडेटेड’ किती वेळापूर्वी लिहिलं आहे ते आधी वाचा, आणि सरळ त्याला फोन लावा.